पाणजांभळाची रोपे दर उन्हाळ्यात का मरतात? नाल्याकाठच्या लागवडीतील नेहमीची अडचण

पावसाळ्यात नाल्याच्या काठावर पाणजांभळाची रोपे लावली जातात, दिवाळीपर्यंत ती हिरवीगार दिसतात, होळीनंतर पाने करपू लागतात आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत जागेवर फक्त काड्या उरतात, अशी तक्रार गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावांमधून वारंवार ऐकू येते. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपे जातात आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. खड्डा तोच, रोप नवे आणि पाटीवरचे साल तेवढे बदललेले, हा विनोद आता इतका जुना झाला आहे की त्यावर कोणी हसतही नाही. रोपे बदलून, खत घालून किंवा खड्डे मोठे करून ही अडचण सुटत नाही, कारण बहुतेक ठिकाणी दोष रोपात नसून ते ज्या पट्ट्यात लावले जाते त्या पट्ट्यातील पाण्याच्या पातळीत असतो. तो दोष कसा ओळखावा आणि कोणत्या ठिकाणी लागवडीचा नाद सोडून द्यावा, याविषयी हे टिपण आहे.

आधी झुडपाची ओळख पक्की करून घेतली पाहिजे. पाणजांभूळ, शास्त्रीय नावाने सिझिजियम हेनियानम, हे आपल्या नेहमीच्या जांभळाचे सख्खे भावंड असून पेरू आणि निलगिरीसुद्धा याच कुळातले आहेत. मात्र जांभळाचा वृक्ष वावरातही वाढतो, धुऱ्यावरही वाढतो आणि रस्त्याच्या कडेलाही वाढतो. पाणजांभूळ मात्र जंगलातील नाल्यांच्या आणि नद्यांच्या पात्रात, दगडांच्या कपारीत आणि वाळूमिश्रित काठावर झुडपासारखे पसरते, क्वचितच त्याचा लहानसा वृक्ष होतो. त्याची पाने जांभळाच्या पानांपेक्षा स्पष्टपणे अरुंद आणि निमुळती असतात. हा अरुंदपणा केवळ दिसण्यापुरता नाही. ज्या वनस्पती दरवर्षी वाहत्या पुराखाली जातात त्यांच्यात चिवट, लवचीक फांद्या आणि अरुंद पाने वारंवार आढळतात, कारण रुंद पान प्रवाहात फाटते आणि ताठ फांदी मोडते. आपल्याकडे पात्रात वाढणारी शेरणी आणि झाऊ पाहिली की हीच ठेवण लक्षात येते.

ही ओळख पक्की करण्याचे कारण व्यवहारातले आहे. रोपवाटिकेतून आलेल्या रोपांत साधे जांभूळ मिसळलेले असण्याची शक्यता मोठी असते आणि कोवळ्या रोपात फरक चटकन कळत नाही. म्हणून रोप ताब्यात घेताना नाल्यातील जुन्या झुडपाचे एक पान सोबत ठेवून ताडून पाहावे. साधे जांभूळ नाल्याच्या वरच्या काठावर लावण्यास हरकत नाही, ते तिथे चांगले येते. पण ते पुराच्या पट्ट्यात लावून पाणजांभूळ जगत नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे भलत्याच रोगावर औषध देणे आहे.

मेलेले रोप उपटून आधी मुळे पाहावीत

रोप सुकले की लोक वरची पाने पाहतात आणि वाळवी, ऊन किंवा नशीब यांपैकी कशाला तरी दोष देऊन मोकळे होतात. खरी माहिती मुळांत असते. मात्र उपटण्यापूर्वी खोडाच्या तळाशी नखाने साल किंचित खरवडून पाहावी. सालीखाली हिरवी, ओलसर रेघ दिसली तर रोप जिवंत आहे आणि ते पाऊस पडताच बुंध्यातून फुटण्याची दाट शक्यता आहे. पुराने मोडून पुन्हा बुंध्यातून फुटणे हा या झुडपाचा स्वभावच असल्यामुळे वरून वाळलेली काडी म्हणजे मेलेले रोप असे गृहीत धरता येत नाही, आणि अशी कितीतरी रोपे निव्वळ उतावीळपणापायी उपटली जातात.

खरवडलेली साल तपकिरी आणि कोरडी निघाली तर रोप मातीसह हळूच काढून त्याची मुळे पाण्यात धुवावीत. मुळांचा गुंता पिशवीच्याच आकाराचा राहिला असेल, तळाशी मुळे गोल गोल फिरून वेटोळे झालेली असतील आणि भोवतालच्या मातीत एकही नवे मूळ शिरलेले नसेल, तर रोप लावताना पिशवी नीट काढली गेली नाही किंवा रोप पिशवीत गरजेपेक्षा जास्त काळ राहिले होते. मुळे काळपट, मऊ असतील आणि त्यांना कुजका वास येत असेल, साल बोटांनी सहज निसटत असेल, तर रोप तहानेने नव्हे तर साचलेल्या पाण्याने मेले आहे, मग वर कितीही कडक ऊन असो. आणि मुळे सरळ खाली गेलेली, लांब वाढलेली, पण टोकाशी तपकिरी होऊन वाळलेली दिसली, तर रोपाने पाण्याचा पाठलाग केला होता आणि पाणी त्याच्यापेक्षा वेगाने खाली गेले. पूर्व विदर्भात वर सांगितलेल्या तक्रारींपैकी बहुतेक या तिसऱ्या प्रकारात मोडतात, असे माझे मत आहे.

रोप जागेवरच नसेल तर प्रश्न वेगळा. खोड तिरपे, सुरीने कापल्यासारखे तुटलेले असेल तर ते ससा किंवा सायाळ यांचे काम असू शकते. शेंडा ओरबाडलेला असेल तर शेळ्यांचे. आणि खड्ड्यासकट माती गेली असेल तर ते पुराचे काम आहे हे सांगायला कोणी लागत नाही.

उन्हाळ्यातील पाण्याची पातळी कशी पाहावी

आपल्याकडील बहुतेक नाले हंगामी आहेत. पावसाळा संपल्यावर पौष-माघापर्यंत वरून धार वाहते, नंतर ती तुटते आणि पाणी डोहांत किंवा वाळूखाली उरते. पाणजांभूळ उन्हाळाभर हिरवे राहते ते या वाळूखालच्या ओलाव्यावर. म्हणजे ते पाण्यात राहणारे झुडूप नव्हे आणि कोरड्या जमिनीचेही नव्हे; पावसाळ्यात काही दिवस बुडणारा आणि वैशाखातही मुळांच्या आवाक्यात ओल राखणारा जो चिंचोळा पट्टा पात्र आणि काठ यांच्यामध्ये असतो, तोच त्याचा खरा अधिवास आहे. हा पट्टा कुठे दोन हात रुंद असतो, कुठे दहा-पंधरा पावले, तर कुठे अजिबात नसतो. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा या पट्ट्याच्या बाहेर लावलेल्या रोपाला टँकरही तारू शकत नाही.

पट्टा शोधण्याची रीत सोपी आहे आणि ती गावातील जुन्या लोकांना माहीतही आहे. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वाळूत झिरा खणतात, तसाच एक झिरा लागवडीच्या जागेलगत खणावा आणि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत दर पंधरवड्याला त्यातील पाणी वरच्या कडेपासून किती खाली आहे ते काठीने मोजून लिहून ठेवावे. आकड्यापेक्षा पाण्याची चाल महत्त्वाची असते. पाणी सावकाश, थोडे थोडे खाली जात असेल तर मुळे त्याच्यामागे जाऊ शकतात. एखाद्या पंधरवड्यात ते एकदम हातभर खाली गेले, तर जवळपास कुठेतरी मोटार लागली आहे किंवा खालच्या बाजूला खोदकाम झाले आहे, असे समजून शोध घ्यावा. रब्बी गहू-हरभरा आणि त्यानंतर उन्हाळी धान यांसाठी डोहांतील शेवटचे पाणी उपसले जाते आणि डोह आटला की त्याच्या काठची वाळूही आठवड्याभरात कोरडी पडते. शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही, त्याचेही पीक उभे असते. पण ज्या डोहावर मोटारी बसल्या आहेत त्याच्या काठी लागवड करण्यापूर्वी ग्रामसभेत बसून निदान हातभर पाणी राखण्याचे ठरवावे, नाहीतर लागवडीचा खर्च पालथ्या घड्यावर पाणी ठरतो.

दुसरी खूण स्वतः झुडपेच देतात. त्याच नाल्यावर वरच्या किंवा खालच्या अंगाला पाणजांभळाची जुनी झुडपे शिल्लक असतील तर त्यांचे बुंधे पात्राच्या तळापासून किती उंचीवर आहेत ते पाहावे. त्यांच्या फांद्यांत अडकलेल्या पुराच्या कचऱ्यावरून, म्हणजे वाळलेले गवत, काटक्या आणि प्लास्टिक यांच्या झुबक्यांवरून, पाणी कुठवर चढते तेही कळते. आपली रोपे त्याच उंचीच्या आसपास, आणि शक्य असेल तर मोठ्या दगडाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी दगडाला वळसा घालून ज्या बाजूस पुढे जाते त्या बाजूस लावावीत. तिथे पुराचा जोर मंदावतो आणि गाळ बसतो, त्यामुळे कोवळ्या मुळांना आसरा आणि माती दोन्ही मिळतात. जुनी झुडपे दगडांच्या आडोशाने का वाढतात याचे कोडे एक पूर ओसरल्यावर त्या दगडामागे बसलेला मऊ गाळ हाताने चाचपून पाहिला की सुटते.

लागवडीच्या अनेक आराखड्यांत रोपांची ओळ नाल्याच्या वरच्या कडेने, सरळ रेषेत आणि सारख्या अंतरावर आखलेली असते. मोजणीला आणि फोटोला ती सोयीची असते, हे मान्य. पण वरची कडा बहुधा पट्ट्याच्या बाहेर असते. पाणजांभळाची लागवड वेडीवाकडी, कुठे दाट तर कुठे मोकळी अशीच दिसली पाहिजे, कारण ओलही तशीच असते.

खोलीकरण झालेले नाले

हा भाग सविस्तर सांगावा लागतो, कारण येथेच सर्वाधिक रोपे वाया जातात. नाल्यातील पाणी आणि काठाच्या मातीतील पाणी ही दोन वेगळी पाणी नव्हेत. काठातील भूजल पात्राकडे हलक्या उताराने झिरपत असते आणि पात्राच्या तळाची पातळी जिथे असते त्या बेताने ते थांबते. यंत्राने पात्र दोन-तीन मीटर खोल केले की काठातील पाणी त्या नव्या तळाकडे उतरू लागते. वरच्या थरात ज्या झुडपांची मुळे होती ती अधांतरी राहतात. शिवाय खोदताना पात्र आणि काठ यांच्यामधला उतरता, वाळूचा, दगडगोट्यांचा टप्पा पूर्णपणे निघून जातो आणि दोन्ही बाजूंना भिंतीसारख्या उभ्या दरडी उरतात. म्हणजे जिथे हे झुडूप राहते ती जागाच जमिनीवरून पुसली जाते. अशा दरडीच्या माथ्यावर लावलेले रोप पाण्यापासून दोन पुरुष उंच असते आणि दरडीच्या पायथ्याशी लावलेले रोप पहिल्याच पुरात वाहून जाते. पश्चिम विदर्भातील काळ्या मातीच्या नाल्यांवर आणखी एक भर पडते: उघडी पडलेली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगा कोवळी मुळे तोडतात.

खोलीकरणाला सरसकट विरोध करण्याचा हेतू येथे नाही. गाळाने भरलेल्या नाल्यात ते काम उपयोगी पडते आणि आसपासच्या विहिरींना त्याचा लाभ झाल्याची उदाहरणे आहेत. पण गाळ काढणे आणि मूळ तळ फोडून खाली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घनमीटरच्या हिशोबात त्या एकाच रकान्यात पडतात. आमच्या परिसरातील एका नाल्यावर असे काम झाले तेव्हा पाणजांभूळ, करंज आणि निर्गुडी असलेला जुना काठ एका दिवसात साफ झाला आणि त्याच आर्थिक वर्षात त्याच काठावर वृक्षारोपणाचे खड्डेही खोदले गेले. खोलीकरण करणारा आणि वृक्षारोपण करणारा हे दोन्ही विभाग एकमेकांशी बोलले असते तर निम्मे काम वाचले असते.

म्हणून काम मंजूर होण्यापूर्वीच ग्रामसभेत तीन-चार गोष्टी लिहून घ्याव्यात. ज्या तुकड्यात जुनी झुडपे आहेत तो तुकडा खोदाईतून वगळावा. उरलेल्या भागातही यंत्र एकाच काठावरून चालवावे आणि दुसरा काठ जसाच्या तसा राखावा. निघालेला मुरूम आणि माती काठाच्या उतारावर न टाकता दूर न्यावी. आणि तळ कुठपर्यंत नेणार हे आधी खुंटी मारून दाखवावे. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. त्या नोंदवहीत पाणजांभळाच्या जागा नकाशासह नोंदवलेल्या असतील तर मशीन दारात उभे असताना वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणे सोपे जाते.

काम आधीच होऊन गेले असेल तर पाणजांभळाची घाई करू नये. एक-दोन पावसाळे जाऊ द्यावेत. पूर उभ्या दरडी थोड्याफार पाडतो, पडलेल्या मातीचा उतार तयार होतो, वळणांच्या आतल्या बाजूला वाळूचे नवे टप्पे बसतात. त्या टप्प्यांवर आधी वाळा आणि वरच्या अंगाला निर्गुडी लावावी. निर्गुडी फांदी रोवूनही लागते आणि वाळ्याची मुळे माती घट्ट धरतात. मात्र कूलरच्या ताट्यांसाठी तो वाळा खणून नेला जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे लागते. या दोघांनी टप्पा धरून ठेवला की त्यांच्या आडोशाने पाणजांभूळ लावण्याची वेळ येते.

साचलेल्या पाण्यातील मर

काळी, कुजकी मुळे सापडलेल्या रोपांची जागा बहुधा सिमेंट नाला बांधाच्या वरच्या अंगाला असते. तिथे पाणी भरपूर दिसते म्हणून लोक हौसेने तिथेच लागवड करतात. पण पुराचे वाहते पाणी आणि बांधामागे महिनोन्महिने तुंबलेले पाणी यांत रोपाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाहत्या पाण्यात प्राणवायू मिसळत राहतो आणि पूर काही तासांत किंवा दिवसांत उतरतो. तुंबलेल्या पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू संपतो आणि कोवळी मुळे गुदमरतात. जुने झुडूप हे काही काळ सोसते, वर्षभराचे रोप सोसत नाही. अशा ठिकाणी रोपे बांधाच्या खालच्या अंगाला, जिथे पायथ्यातून पाणी झिरपत राहते तिथे लावावीत. मामा तलावांच्या, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावांच्या, बाबतीतही हेच लागू आहे. तलावाच्या पोटात, जिथे देवधान उगवते त्या गाळात, पाणजांभळाचा हट्ट धरू नये. सांडव्याखालून जो नाला निघतो त्याचे पहिले काही शे मीटर या झुडपासाठी अनेकदा उत्तम असतात, कारण तलाव भरलेला असेपर्यंत तिथली वाळू ओली राहते. पाळीवर मात्र कोणतेही मोठे होणारे झाड किंवा झुडूप पाटबंधारे विभागाला विचारल्याशिवाय लावू नये, मुळांनी पाळीला गळती लागू शकते.

बी, पिशवी आणि लागवडीची वेळ

पाणजांभळाला उन्हाळ्याच्या सुरुवातीस पांढरट फुलांचे घोस येतात आणि मृगाच्या आगेमागे जांभळी-काळी, वाटाण्याहून जराशी मोठी फळे पिकतात. ही वेळ सोयीची आहे. फळ पिकून पडते तेव्हा पाऊस तोंडावर असतो, त्यामुळे बियाला वाट पाहावी लागत नाही, आणि वाट पाहण्याची त्याची ताकदही नसते. जांभळाच्या जातींचे बी धान्यासारखे वाळवून डब्यात ठेवता येत नाही, ते सुकले की मरते. फळे गोळा करून अंगणात उन्हात पसरवणे आणि मग सवडीने पेरणे, यामुळे एकही बी उगवत नाही आणि दोष मातीला दिला जातो. फळे आणली त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ओल्या वाळूत चोळून गर काढावा, बी धुऊन सावलीतच पेरावे. अस्वल, उदमांजर आणि वटवाघळे ही फळे खाऊन बी दूरवर नेतात आणि दगडांवर पडलेल्या विष्ठेतील बीही उगवते. ते गोळा करणे जमत असेल तर अवश्य करावे. मात्र अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून परवानगीशिवाय काहीही उचलू नये. बी शक्यतो त्याच नाल्याचे किंवा त्याच नदीच्या खोऱ्यातले घ्यावे.

पिशवी उभट घ्यावी, म्हणजे मूळ खाली जाण्याची सवय लावून घेते. जूनमध्ये पेरलेले बी पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात लावण्याजोगे होते. त्याच जुलैत, बोटभर उंचीचे रोप नाल्यात नेण्यात काही हशील नाही. लावताना पिशवी पूर्ण फाडून काढावी आणि तळाचे वेटोळे धारदार पात्याने कापून टाकावे.

जुलैतील लागवडीचा आपल्याकडे मोठा पगडा आहे. वनमहोत्सव तेव्हाच असतो, रोपेही तेव्हाच मिळतात. डोंगरउतारावर आणि गावठाणात ते योग्यच आहे, पण पुराच्या पट्ट्यात जुलैत लावलेल्या रोपाला मुळे धरायलाही वेळ मिळत नाही. शिवाय तेव्हा गावात रोवणीची घाई असते आणि काठावर फिरकायलाही कोणाला सवड नसते. पोळा झाल्यावर, पुराचा जोर ओसरला आणि नाला अजून वाहता असला की लागवड करावी. पोळा झाला म्हणजे पूर संपलाच असे नाही. 2020 मध्ये ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला आलेला महापूर भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत सर्वांना आठवत असेल. म्हणून मोठ्या नदीच्या काठी हस्त नक्षत्रापर्यंत थांबलेले बरे. या वेळी लावलेल्या रोपाला पुढच्या पुरापूर्वी आठ-नऊ महिने मिळतात आणि खाली उतरणाऱ्या ओलाव्यामागे मुळे उतरत जातात. पहिल्या उन्हाळ्यात चैत्र-वैशाखात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी घातल्यास मुळे वरच राहतात.

रोपाला बांबूच्या काठीला करकचून बांधू नये. पुरात ते आडवे व्हायला हवे. आडवे झालेले खोड पुन्हा सरळ करण्याचीही गरज नसते, त्यावरून वर जाणारे नवे फुटवे येतात आणि झुडूप दाट होते.

चराई, आग आणि बेशरम

शेळ्यांसाठी बोराच्या फांद्यांचे कुंपण पुरेसे आहे, पण ते मृगापूर्वी काढून टाकावे, कारण पुराचा कचरा त्यात अडकतो आणि कुंपण रोपासकट वाहून जाते. गावच्या ढोरक्याशी (गुराख्याशी) आधी बोलून ठेवल्यास कुंपणाचे निम्मे काम होते. मोहफुले वेचण्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाला जाळला जातो आणि ती आग पाल्यातून नाल्यापर्यंत उतरते. लागवडीच्या वरच्या अंगाला दोन हात रुंद पट्टा पाला झाडून मोकळा ठेवावा.

बेशरम या नाल्याकाठी फोफावणाऱ्या झुडपाचा प्रश्न अधिक चिवट आहे. तिची कापलेली कांडी ओल्या मातीवर पडली की तिला मुळे फुटतात, त्यामुळे ती विळ्याने कापून काठावरच टाकणे म्हणजे तिची लागवड करणेच होय. उन्हाळ्यात, माती सैल असताना, ती मुळासकट काढावी, नाल्यापासून दूर कोरड्या खडकाळ जागेवर पसरून पूर्ण वाळवावी. एकाच वेळी सगळा काठ उघडा करू नये, नाहीतर पहिल्याच पावसात माती जाते. जेवढ्या जागेत त्या वर्षी लागवड करणे शक्य आहे तेवढाच तुकडा साफ करावा. वरच्या कोरड्या बाजूला रायमुनिया (घाणेरी) असेल तर तिची सावली रोपांवर येणार नाही इतपत ती मागे रेटली तरी चालते.

पानांवर फोड किंवा गाठी आल्या म्हणून काही जण फवारणी करतात. जांभळाच्या पानांवर लहान किडींमुळे अशा गाठी येतात. पाने कुरूप दिसतात, पण झुडूप त्याने मरत नाही, आणि नाल्याच्या काठी कीटकनाशक फवारले की ते पाण्यात उतरून झिंगे आणि लहान मासे मारते. फुले येऊनही फळे धरत नसतील तर फुलोऱ्याच्या दिवसांत गारपीट किंवा अवकाळी पाऊस झाला होता का ते आठवावे, आणि लगतच्या उन्हाळी धानावर त्याच दिवसांत फवारणी झाली असेल तर मधमाश्या कमी झालेल्या असू शकतात. फुलोऱ्याच्या दिवसांत फवारणी सकाळऐवजी सायंकाळी करण्याची विनंती शेजारच्या शेतकऱ्याला करून पाहावी.

मर मोजण्याची तारीखही ठरवून घ्यावी लागते. मे महिन्यात मोजणी केल्यास जिवंत पण पाने गळलेली रोपेही मेलेल्यांत धरली जातात आणि त्यांच्याच शेजारी नवे खड्डे खणताना त्यांची मुळे तुटतात. आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंत थांबून, बुंध्यातून फूट आली की नाही हे पाहून मगच मोजावे, प्रत्येक मेलेल्या रोपापुढे वर सांगितल्याप्रमाणे मुळांची अवस्था लिहावी आणि सप्टेंबरात फक्त त्याच जागा भराव्यात जिथे झिऱ्याचे पाणी ज्येष्ठापर्यंत मुळांच्या आवाक्यात राहिले होते. ज्या जागांवर ते राहिले नाही तिथे करंज किंवा साधे जांभूळ लावावे.